मेंढरांमागे गेलेला बूट

मित्रांनो, माझ्या नाकावर एक काळा डाग आहे. तो गिअरचा. बायकांनी मोटारसायकलवर घालायच्या बुटांच्या जोडीतला मी डावा, आता चांगलाच जुना झालेलो. उजव्याने नुसता ब्रेक दाबायचा. एकाच फेरीत गिअर उचलताना कातडं काळं झालं ते माझं. असो, भावाभावांत एवढं चालायचंच.

सोलापूरच्या दुकानात आम्ही वर्षभर खोक्यात पडून होतो. शिवकन्या आली ती संध्याकाळी, सोबत जाड मोजे घेऊन. पाय संध्याकाळी थोडे फुगतात, सकाळी नीट बसलेला बूट तेव्हा आवळतो, हे तिला ठाऊक होतं. ती मुरुम गावाजवळच्या एका मेंढपाळाची मुलगी. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नुकतीच नोकरीला लागलेली. गावोगाव जाऊन जनावरांना लसी टोचायच्या, तर गाडी हवीच. ती वडिलांची, धुळाप्पांची गाडी चालवायची. एकदा पायात साधी चप्पल असताना नाल्याच्या उतारावर पडली. पाय गाडीखाली सापडला आणि अंगठ्याचं नख गेलं. म्हणून बूट घ्यायला आली होती, बरोबर धुळाप्पाही होते.

दुकानदाराने आधी पुरुषांचे तीन जोड काढले. तिन्हींत तिची टाच वर निसटत होती. मग आमचं खोकं निघालं. तिने आम्हाला घालून घोटा वाकवून पाहिला, चवड्यावर उभी राहिली, स्टुलावर बसून हवेतच गिअर टाकला. धुळाप्पांनी मला हातात घेतलं, वाकवलं, वास घेतला. बाजारात मेंढरू पारखावं तसं त्यांचं चाललं होतं.

"चामडं चांगलं हाय," ते म्हणाले. "पर लई ताठ हाय."

"पंधरा-वीस दिवस रोज तासभर घरात घाला, मॅडम," दुकानदार म्हणाला. "ज्याचा पाय त्यानंच घालायचे. मग चावणार नाहीत."

हे ऐकायला शिवकन्येची आई तिथे नव्हती. गजराबाई गावाकडे मेंढरं राखत होत्या.

दुसऱ्याच दिवशी धुळाप्पा मोठा कळप घेऊन वाशी तालुक्याकडे चारायला निघाले. निघताना लेकीला म्हणाले, "महिन्यानं येतो. तवर ही बुटं बसली तर गाडीची किल्ली तुझ्याकडं. लंगडताना दिसलीस तर गाडी वैजनाथ चालवंल, तू मागं बसायचं."

वैजनाथ तिचा भाऊ. तसा वाईट नाही, पण त्याच्या मागे बसायचं म्हणजे त्याला सवड झाली की निघायचं आणि त्याला कंटाळा आला की परतायचं. नोकरी तिची आणि वेळ त्याची. शिवकन्येला ते कदापि नको होतं.

आणि मी चावलो. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? नवं चामडं ते नवं चामडं. पहिल्या दिवशी टाच लाल झाली, दुसऱ्या दिवशी फोड आला, तिसऱ्या दिवशी तो फुटला. तिने दात-ओठ खात आम्हाला काढलं, पलंगाखाली ठेवलं आणि पाय बरा होईपर्यंत चप्पल घालून एसटीने उमरग्याच्या ऑफिसला जाऊ लागली. रोज सकाळी आमच्याकडे बघायची, टाच चाचपायची आणि निघायची. महिना मात्र थांबत नव्हता.

एके सकाळी एसटी गेली आणि पलंगाखाली एक खरखरीत हात आला. गजराबाईंनी मला उलटसुलट पाहिलं, साडी वर खोचली आणि मोज्याशिवायच पाय आत सारला. नाड्या बांधायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी कोकराला दावं बांधतात तशी गाठ मारली आणि घरी राहिलेली चाळीस मेंढरं घेऊन माळाकडे निघाल्या.

मोटारसायकलवर बसण्यासाठी जन्मलेला मी, मेंढरांमागे निघालो. पहिल्या दिवशी मला फार अपमान वाटला. बाभळीचे काटे, गोखरू, लेंड्या, तापलेला मुरूम, काही विचारू नका. राग काढायचा म्हणून मी त्यांनाही कडकडून चावलो. दुपारी त्या लिंबाखाली टेकल्या, मला काढलं, टाचेवरचं रक्त पदराने पुसलं आणि पुन्हा मला घातलं. तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली.

असे सोळा दिवस गेले. एसटी यायच्या आधी त्या घरी यायच्या, आम्हाला ओल्या फडक्याने पुसायच्या आणि होतो तसेच पलंगाखाली ठेवायच्या. माझं कातडं रोज सैल होत गेलं, पण ते गजराबाईंच्या पायाला. त्यांचा पाय लेकीइतकाच लांब, पण पुढे फाकलेला आणि टाचेकडे रुंद. जन्मभर चालून पाय तसा होतो. मी ओरडून सांगणार तरी कसा?

महिना संपत आला तशी शिवकन्येने आम्हाला पुन्हा घातलं. इकडून तिकडे चालली, थांबली, परत चालली.

"आई, बसले की गं. आता चावत न्हाईत."

गजराबाई भाकरी थापत होत्या. "बसायचेच की," म्हणाल्या. वर बघितलं नाही.

धुळाप्पा परतले आणि म्हणाले, "त्याच उताराला जाऊन दाखव." ते नाल्याकाठी उभे राहिले. शिवकन्या झोकात निघाली. उतरताना ठीक झालं. वर चढताना तिने गिअर बदलायला पाय उचलला आणि तिची टाच माझ्यातून अर्धी बाहेर आली. गिअर पडला नाही. गाडी आचके देत बंद पडली आणि डावीकडे कलली. मी घोटा घट्ट धरून ठेवला, म्हणून पाय मुरगळला नाही आणि तिने गाडी सावरली. पण धुळाप्पांनी जवळ येऊन हात पुढे केला. तिने किल्ली काढून दिली.

मुरुमच्या आठवडी बाजारात महांतप्पा नावाचे म्हातारे चांभारकाम करायला बसतात. शिवकन्या आम्हाला घेऊन त्यांच्याकडे गेली. "महिन्यात ढिले झाले. माल खोटा दिसतोय," ती म्हणाली. मला ते फार लागलं.

महांतप्पांनी मला आतून चाचपलं, मग पालथं केलं. "माल खोटा न्हाय, बाई. ह्यात दोघींचे पाय हायत."

"म्हंजे?"

"गाडीवरल्या माणसाची टाच अशी झिजत न्हाय. ही भाईरच्या अंगानं झिजलीया. रोज माळ तुडवणारीची चाल हाय ही." त्यांनी आरीने माझ्या तळातून एक गोखरू काढलं आणि नाडीच्या भोकातून पांढऱ्या लोकरीचा पुंजका ओढून तिच्या तळहातावर ठेवला.

शिवकन्या घरी आली तेव्हा गजराबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. धुळाप्पा बाजूला सूत कातत होते. तिने आईचा पाय पुढे ओढला. टाचेवर सुकलेल्या फोडांचे दोन काळे वण होते.

"आई, कशापायी केलंस हे?"

"तुला चावत होते गं. म्या नांदायला आले तवा माझ्या सासूनंबी माझ्या नव्या वहाणा आठ दिस घालून मऊ करून दिल्या व्हत्या."

"आन् तुला चावले न्हाईत व्हय?"

"चावले की," गजराबाई पाय साडीत ओढून घेत म्हणाल्या. "पर मला कुठं गाडी चालवायची व्हती?"

शिवकन्येला रडू आलं. धुळाप्पांची चाती थांबली. मग ते उठले आणि खुंटीवरची किल्ली लेकीच्या हातात दिली. "दुसरी जोडी आण. ह्या खेपेला तिच्या हाताला लागू देऊ नको."

दुसरी जोडी आली. शिवकन्या रोज संध्याकाळी मोजे घालून, टाचेला पट्टी लावून अंगणात तासभर फिरायची. तिचं तोंड वाकडं झालं की गजराबाई दारातून अर्ध्या उठायच्या आणि परत बसायच्या. ते वीस दिवस त्यांना माळावरच्या सोळा दिवसांहून जड गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एकविसाव्या दिवशी शिवकन्येने आईला गाडीवर मागे बसवलं, आम्हाला पिशवीत घातलं आणि नाल्याचा उतार न अडखळता चढून मुरुमला नेलं. महांतप्पांसमोर आम्हाला ठेवून म्हणाली, "हे आता आईच्या मापानं करून द्या."

महांतप्पांनी जमिनीवर कागद पसरला. गजराबाई पाय पुढे करीनात. "त्यात काय बघायचं? ह्यांनी जत्रंतनं आणलेल्या वहाणा घालतेच की अंदाजानं."

"ठेवा, माय," महांतप्पा म्हणाले.

तेव्हा त्यांनी लाजत पाय ठेवला आणि म्हाताऱ्याने पेन्सिल फिरवली.

मित्रांनो, आम्हाला महिन्यातून एकदा तेल लावा, ओले झालो तर सावलीत वाळवा, आणि आमचा ताठा स्वतःच्याच पायाने मोडा. एवढं केलंत की आम्ही तुमची खूप वर्षं चाकरी करू. पण आज घरी गेल्यावर आधी एक काम करा. तुमच्यासाठी दिवसभर चालणारं जे माणूस असेल, त्याचा पाय कागदावर ठेवून माप घ्या. गजराबाईंचं माप त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं गेलं, आणि तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या.