टॉर्चच्या उजेडातलं विमान

माझी भाची डेल्मिरा भर दुपारी नवऱ्याचा लॅपटॉप पदराखालच्या पोरासारखा छातीशी धरून माझ्याकडे आली. नवरा आबुंदिओ आमच्या त्रिनिदाद गावातून लहानसं विमान घेऊन दूरच्या गुरांच्या वाड्यांवर जायचा, मांस भरून परत यायचा. गेल्या पावसाळ्यात गेला तो गेलाच. शोधणाऱ्यांनी हात टेकले. लॅपटॉपवर सरावासाठी त्यानं विमान चालवायचा खेळ घेतला होता. डेल्मिरा आता रोज त्यावर त्याचीच शेवटची वाट उडत बसायची.

"कुठे पडले एवढंच कळू दे, मामा. मूठभर माती टाकीन. पण हा मेला लॅपटॉप, खेळात विमान मामोरे नदीवर आलं की तापतो. आधी रेघा, मग अंधार. रोज तिथेच!"

मी भाबडा माणूस. आमचे पाद्री व्हायोलिनच्या साथीनं प्रवचन गाऊ लागले, मेलेल्या भावासाठी रडणाऱ्या बहिणींचं आख्यान आळवू लागले, की माझ्या डोळ्यांना धार लागते. पण पोट लॅपटॉपच्या दुरुस्तीवर. तेव्हा आधी स्क्रू, मग देव.

मागचं झाकण काढलं. पंख्यात धुळीचा बोळा. तो उपसला, चिपची उष्णता ओढणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती खरवडून नवी लावली, लॅपटॉप चार बुचांवर उचलून ठेवला म्हणजे खालून वारा लागेल. तोवर आबुंदिओचा जोडीदार वैमानिक रोसेंदो आला.

"काय मामा, भट्टी विझली का? की यावरच केळी भाजायची?"

"तू गप बस रे. तुझ्या इंजिनापेक्षा बरा चालेल."

डेल्मिरानं खेळ सुरू केला. कुरणं, ताडाची बेटं, मग नदी. पंखा साफ असूनही किंचाळू लागला. रेघा आल्या, पडदा काळा झाला.

मी केबलनं टीव्ही जोडला. टीव्हीवर चित्र लख्ख! विमान नदीवरून मजेत चाललेलं.

"म्हणजे आतलं सगळं ठीक आहे, पोरी. फक्त पडद्यामागचा दिवा गेलाय. टॉर्च तिरपी धरली की चित्र पुसटसं दिसतं, बघ."

मी खिडकी लोटून टॉर्च धरली. दिसलं खरं. पण ते टीव्हीवरचं नव्हतं.

टीव्हीवर विमान उडत होतं. काळ्या पडद्यावर ते उभं होतं. नाक लव्हाळ्यात रुतलेलं, काचेच्या अर्ध्यापर्यंत गढूळ पाणी. ते पाणी हलत होतं. डावीकडच्या, वैमानिकाच्या खुर्चीत पांढरा सदरा.

रोसेंदोनं छातीवर क्रूस काढला. माझी टॉर्च ढळली, चित्र गेलं.

"धरा, मामा," डेल्मिरा म्हणाली. आवाज इतका शांत, की मला तिचीच भीती वाटली. मी पुन्हा धरली. लॅपटॉपच्या कडेला तिचा तळवा होता. चटका बसत असणार, तिनं तो हलवला नाही. "ते सुकलेलं झाड, त्यामागे दोन ताड. रोसेंदो, ही जागा कुठली?"

रोसेंदोनं टीव्हीवरचं नदीचं वळण पाहिलं. "त्या वळणामागचं तळं. आम्ही वरून कितीदा गेलो, वहिनी. वर नुसती हिरवळ दिसते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच रोसेंदो गावातल्या दोघांना घेऊन होडीनं तिकडे गेला. डेल्मिरा माझ्या दुकानात बसून राहिली. माझा जप चालला होता. दुपारी रोसेंदोचा फोन आला, तसा मी तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"सापडले, वहिनी. खुर्चीतच आहेत." मागे पाण्याचा आवाज. "पण इंजिन... सगळा पावसाळा पाण्यात होतं ना? हात लावला तर भाजलं. आत्ताच उतरल्यासारखं तापलंय. वर पाणी मारू का?"

"नको, भाऊजी," डेल्मिरा म्हणाली. "रोज माझ्याबरोबर उडत होते, ते दमलेत. आपोआप निवू द्या."