अकरा फाटकं

लाल बटण. अंगठ्याच्या नखाएवढं, एका कडेला धूळ बसलेलं, आणि त्यावर 'दाबा' असं कोरलेलं — दाबण्याखेरीज त्याचं दुसरं काहीही करता येत नाही, तरी कोरलेलं. दुकानात शिरल्यापासून रेविन तेच पाहत होती. सहा नव्याकोऱ्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, टायरच्या रबराचा वास नाकात बसला होता, दुकानाचा मालक क्लाइव्ह हातवारे करून काहीबाही सांगत होता, तिचा मुलगा ब्रेंट वाकून एका गाडीच्या पोटात डोकावत होता, आणि ती मात्र सीटच्या फटीतून वर आलेल्या त्या काळ्या डबीकडे, पट्ट्याची जीभ जिच्यात जाऊन बसते त्या डबीकडे, अशी पाहत होती की कुणालाही वाटावं, हिला विकत घ्यायची आहे ती एवढीच वस्तू.

"आई, लक्ष आहे ना तुझं?"

"आहे की," ती म्हणाली. होतंही. फक्त ते अकरा महिने मागे होतं.

ऑगस्ट, म्हणजे इथला हिवाळा, संपत आला होता. दोन आठवड्यांत मेंढ्या व्यायला लागणार, आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ टेकड्या पालथ्या घालायच्या, अडलेल्या मेंढीला सोडवायचं, पोरकी कोकरं उचलून घरी आणायची. मोटरसायकलसारखी मांड टाकून बसायची ती जुनी चारचाकी तिच्या नवऱ्यानं, नेव्हिलनं, स्वतःच मोडीत काढली होती. "उलटली की सरळ छातीवर येऊन बसते मेली," असं म्हणत त्यानं तिच्या जागी ही आणली — दोन माणसं शेजारी शेजारी बसतात म्हणून नावच साइड-बाय-साइड, डोक्यावर नळ्यांचा पिंजरा, मागे कुत्र्यांना आणि गवताच्या गठ्ठ्यांना हौदा. आणली त्या दिवशी पिंजऱ्यावर थाप मारून म्हणाला होता, "घे रेविन, आता मरायला जागाच ठेवली नाही यांनी." ती गाडी अजून लोकरीच्या शेडमागे ताडपत्रीखाली पडून आहे. दुरुस्त करा असं कुणी म्हणत नाही, भंगारात द्या असंही नाही.

"हे बघ, ब्रेंट," क्लाइव्ह सांगत होता. नेव्हिलबरोबर तो पंधरा वर्षं रग्बी खेळला होता आणि त्याचं नाक अजून त्याची साक्ष देत होतं. "ही हिरवी म्हणजे बैल. अर्धा टन टाक, हूं की चूं करणार नाही. पण रविवारी पोरंगाहाऊच्या किनाऱ्यावर, वाळूत नेलीस तर बायको म्हणेल, त्यापेक्षा चालत जाऊ."

"आणि तांबडी?"

"तांबडी वाळूत नाचते. पण मेंढ्या तिचा आवाज ऐकून दुसऱ्या जिल्ह्यात जातील. तुला सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी मासे, दोन्ही हवंय ना? मग मधली घे. एकच सलग बाक, तिघं मावतात. तू, मिरियामा, आणि मध्ये टिली."

मध्ये टिली. रेविननं नजर बटणावरून काढली आणि लगेच पुन्हा तिथेच आणून ठेवली. बाकावर मधल्या जागेलाही पट्टा होता, बारीक, कमरेपुरता.

क्लिक... टिलीचा शब्द. नात सहा वर्षांची असताना एका रविवारी किनाऱ्यावर निघायच्या वेळी गाडीच्या पुढे आडवी उभी राहिली होती, दोन्ही हात पसरून. "आजोबा, क्लिक केल्याशिवाय जायचं नाही. एकटे असलात तरी नाही. प्रॉमिस?" आणि ज्या माणसानं आयुष्यात डॉक्टरचं ऐकलं नाही, बँकेचं ऐकलं नाही, माझं तर नाहीच नाही, तो हसून म्हणाला, "प्रॉमिस." आणि पाळलंही. त्याची रीत ठरलेली होती: किल्ली फिरवायची, गाडी टीं-टीं-टीं करून ओरडायला लागायची, मग तो तिला एक सणसणीत शिवी द्यायचा, आणि मग पट्टा. शिवी आधी, पट्टा नंतर. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असताना तिला ते सगळं ओळीनं ऐकू यायचं, आणि क्लिक झालं की ती चहाचं आधण उतरवायची.

घरापासून मागच्या टेकडीपर्यंत अकरा फाटकं आहेत. शेजारी बसलेल्यानं उतरून फाटक उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं, हा नियम. आणि चाळीस वर्षं फाटकं उघडणारी तीच होती. पण गेल्या सप्टेंबरात नेव्हिलचा गुडघा सुजला, आणि एक दिवस ती एकटी गेली. पट्टा काढा, उतरा, फाटक उघडा, चढा, पट्टा लावा, गाडी आत घ्या, पट्टा काढा, उतरा, फाटक लावा... एका फाटकाला दोन वेळा. चौथ्या फाटकाशी पाऊस सुरू झाला, हौद्यात दोन कोकरं थंडीनं आखडत होती, आणि ती टीं-टीं डोक्यात खिळा ठोकत होती. मग तिनं इथला प्रत्येक माणूस जे करतो तेच केलं. पट्टा ओढला, सीटच्या पाठीला टेकवून आडवा घेतला, डबीत अडकवला, आणि त्याच्यापुढे बसली. गाडीला वाटलं, माणूस बांधला गेला. गाडी गप्प झाली. संध्याकाळी शेडमध्ये लावताना आठवलं होतं — चहा घेऊन येते आणि सोडवते. चहाबरोबर कोकरांना बाटलीनं दूध पाजणं आलं, मग जेवण आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला तो गेला. गुडघा बरा आहे म्हणाला. ओट्याशी उभी होते मी. इंजिन ऐकलं. शिवी ऐकली नाही. आज स्वारी खुशीत दिसते, असं मनात आलं आणि मी आधण उतरवलं.

सातव्या फाटकाच्या वरच्या उतारावर ब्रेंटला तो सापडला. गाडी एकदाच कोलांटली होती आणि पुन्हा चाकांवर उभी राहिली होती. पिंजऱ्याला पोचासुद्धा नव्हता. स्वयंपाकघरात येऊन ब्रेंट जे बोलला ते शोकासारखं नव्हतं, संतापासारखं होतं. "पट्टा पाठीमागे लावला होता त्यांनी. पाठीमागे, आई! टिलीला शब्द दिला होता ना?" ती 'हो' म्हणाली. शब्द दिला होता, याला ती हो म्हणाली होती. पण ब्रेंटनं ते शब्दाला आणि पट्ट्याला, दोन्हींना धरलं, आणि चौकशीला आलेल्या बाईनंही ते दोन्हींना धरून लिहून घेतलं, आणि त्यानंतर ते दुरुस्त करायची वेळ रोजच्या रोज टळत गेली. दफनाच्या दिवशी टिली काळ्या बुटांकडे पाहत म्हणाली, "आजोबा खोटं बोलले." कुणी तिला गप्पही केलं नाही. त्यानंतर तिच्या तोंडून 'क्लिक' हा शब्द कुणी ऐकलेला नाही.

तिच्यापाशी एक सबब होती आणि ती तिला इतके दिवस पुरली होती. बापावरच्या रागानं ब्रेंट स्वतःला बांधून घेत होता. ट्रॅक्टरवर पट्टा, पिकअपमध्ये पट्टा, अंगणातल्या अंगणात गाडी हलवायची तरी पट्टा. मिरियामा थट्टेनं म्हणायची, याला आता पलंगालाही एक बसवून द्या. मी खरं सांगितलं तर राग जाईल, आणि राग गेला तर पट्टा जाईल. म्हणजे माझं गप्प राहणं हाच त्याचा पट्टा... किती नीट बसत होतं ते. तिनं ते इतक्या वेळा घडी घालून ठेवलं होतं की आता ते आपसूकच घडीवर दुमडायचं.

"चालवून बघ की," क्लाइव्ह म्हणाला आणि मागच्या आवारातून मधल्या मापाची करड्या रंगाची गाडी घेऊन आला. ब्रेंटनं दार उघडलं आणि तसाच थांबला. चालकाचा पट्टा सीटच्या पाठीला आडवा, डबीत अडकवलेला.

"हे काय आहे, क्लाइव्ह?"

"अरे, आवारातल्या आवारात दिवसभर मागेपुढे करावी लागते, म्हणून पोरं..." क्लाइव्हचं तोंड मध्येच मिटलं. त्याचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. "चुकलं बाबा. ब्रेंट, खरंच चुकलं."

"याच्यापायी माझा बाप गेला," ब्रेंट म्हणाला. "मूर्खपणापायी गेला." त्यानं बटण दाबून पट्टा ओढून काढला आणि छातीवरून घेऊन लावला. क्लिक. रेविनला तो आवाज छातीत लागला. "तू थांब आई, मी टेकडीवर एक चक्कर मारून येतो. मग तू चालव. कोकरांना दूध तूच नेणार आहेस."

दुकानामागच्या उतारावर क्लाइव्हनं गिऱ्हाइकांसाठी वाट केली होती: तीन फाटकं, एक ओढा, वर पाइनची रांग. गाडी लहान होत गेली. पहिल्या फाटकाशी ब्रेंट उतरला, चढला, पुन्हा उतरला, पुन्हा चढला. मग गाडी पाइनच्या मागे गेली आणि फक्त आवाज उरला, तोही वारा फिरला की नाहीसा व्हायचा. दक्षिणेकडून ढग येत होते. रेविननं कोटाच्या खिशातले हात मुठी करून धरले.

"रागावलाय अजून," क्लाइव्ह म्हणाला.

"हं."

"मला एक कळत नाही, रेविन. नेव्हिल हट्टी होता, मान्य. पण पोरीला दिलेला शब्द? क्लबमध्ये आम्ही त्याची किती टर उडवायचो, नातीनं वेसण घातली म्हणून. तर म्हणायचा, उडवा लेको, मी बांधूनच जाणार."

आता. आताच सांगावं, या घराबाहेरच्या माणसाला, म्हणजे आवाज कसा निघतो ते तरी कळेल... तिनं श्वास घेतला. वर पाइनच्या पलीकडे इंजिन एकदम बंद पडल्यासारखं झालं, आणि ती मनात मोजू लागली. एक, दोन, तीन... सहा, सात. क्लाइव्हही पाइनकडे पाहत होता. मग गाडी दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली आणि उड्या मारत खाली येऊ लागली. जरा जास्तच वेगानं येत होती.

ब्रेंट उतरला तेव्हा हसत होता. अकरा महिन्यांत पहिल्यांदा, आणि हुबेहूब नेव्हिलसारखं, एका बाजूनं. "हीच घ्यायची, आई! ओढ्यातून अशी गेली, कळलंसुद्धा नाही. टिलीला वेड लागेल. बस, बस तू, बघ तरी."

तो वळसा घालून शेजारच्या जागेवर जाऊन बसला. ती चढली. स्टिअरिंग अजून त्याच्या हातांनी कोमट होतं. तिनं किल्ली फिरवली आणि सवयीनं त्या टीं-टींसाठी कान दिला.

आवाज आला नाही.

कमरेच्या जरा वर, पाठीत, काहीतरी आडवं रुतत होतं.

तीन फाटकं. फक्त तीन, आणि रागानं छातीवर ओढून लावलेला पट्टा ब्रेंटनं पाठीमागे अडकवला होता... तिला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण त्याआधीच दुसरं काहीतरी उलगडत गेलं, सावकाश. हे रुततं. तेव्हाही रुतत होतं, त्या पावसात, चौथ्या फाटकापासून अकराव्यापर्यंत आणि परत. घरी येऊन तिनं पाठ चोळली होती. म्हणजे हे न कळता कुणी यावर बसूच शकत नाही. आपल्यामुळे नेव्हिलला कळलं नाही, गाडी ओरडली नाही म्हणून तो विसरला, असं ती इतके दिवस धरून चालली होती — त्यातही त्याला दोषातून वाचवण्याचा एक कोपरा होता. पण त्याला कळलं होतं. तो बसला, पाठीला लागलं, हात मागे घालून त्यानं चाचपलं असेल, आणि हे कुणाचं काम ते एका क्षणात ओळखलं असेल, कारण आदल्या दिवशी गाडी दुसऱ्या कुणी नेलीच नव्हती. हसला असेल, एका बाजूनं. काय रेविन, तूसुद्धा? मग राहू दे... न्याहारीला माझी फिरकी घ्यायची म्हणून शिवीसुद्धा गिळून तो तसाच निघाला असेल, माझ्या परवानगीवर पाठ टेकून.

"काय झालं?" ब्रेंट म्हणाला. त्यानं स्वतःचा पट्टा छातीवरून घेतला होता. शेजारी बसल्यावर त्याला तो आठवला होता. तिच्या पाठीमागचा मात्र आठवला नव्हता. "चल ना. फाटकं मी उघडतो."

तिनं हात मागे नेला. सीटच्या फटीत डबी सापडली, डबीवर बटण, आणि बटणावरची कोरीव अक्षरं बोटाला लागली. दाबलं की गाडी ओरडायला लागणार. मग ब्रेंट वळून पाहणार, ओशाळणार, म्हणणार, एकदाच गं, फाटकांमुळे... आणि त्यानंतर जे बोलायचं ते तिला बोलावं लागणार होतं. इतके दिवस तिला त्या बोलण्याची भीती वाटत होती. आता ती वाटत नव्हती. आता भीती वाटत होती ती एवढीच, की ऐकून घेऊन, रडून, कदाचित तिला माफही करून हा मुलगा पुढच्या पावसात चौथ्या फाटकाशी पुन्हा हेच करेल, मधल्या जागेवर टिली बसलेली असताना.

इंजिन मऊ आवाजात चालू होतं. पाऊस काचेवर पडायला लागला होता. बोट बटणावर ठेवून ती त्या शांततेत तशीच बसून राहिली, आणि ब्रेंट समोरच्या फाटकाकडे पाहत होता.