लाल फरशी, काळी शाई

पॅरिसमध्ये बेलव्हिलच्या चढावर, सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीत झेली प्रुव्हो, तिचा नवरा फिर्मँ आणि पोरगी ओदील राहत. पलंग सरकवल्याशिवाय दार उघडत नसे. छपरातून ओल उतरे आणि ओदील सतत खोकत असे. म्हणून झेलीने गरिबांसाठी बांधलेल्या नव्या इमारतीत घर मागितलं होतं. तिथे म्हणे प्रत्येक खोलीत ऊन यायचं. घरं वाटणाऱ्या समितीतल्या बायका इतक्या हळव्या मनाच्या, की गरिबाच्या घरी जाणं त्यांना सोसत नसे. त्यांनी खोलीचं चित्र काढून आणायला आपला चित्रकार पाठवला.

साहेब येणार म्हटल्यावर झेलीने फरशीच्या लाल विटांना मेण लावलं आणि गुडघे सोलवटेपर्यंत घासलं. शेजारणीचा जाळीचा पडदा मागून आणला. खोली अशी लखलखली की फिर्मँने बूट जिन्यातच काढले.

चित्रकार आला आणि त्याचं तोंडच उतरलं.

"बाई, हे काय करून ठेवलंत?"

"का हो साहेब? धूळ राहिली का कुठे?"

"राहिली असती तर बरं झालं असतं! अहो, चित्र बघून बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. जितकं पाणी, तितकी लवकर किल्ली."

"एवढंच ना!" झेली म्हणाली.

पडदा उतरला. ओले कपडे दोरीवर चढले. शेजारणीची चार पोरं उसनी आणून पलंगावर कोंबली.

"अगं, इथे आपण तिघंच मावत नाही," फिर्मँ कुरकुरला.

"गप बस. आणि जरा प्यायल्यासारखा बस."

"कोरड्या घशानं?"

झेलीने बाटली पुढे केली. हे काम फिर्मँने मन लावून केलं.

"फरशी तेवढी लाल दाखवा हं, साहेब," तिने विनवलं.

"शाई काळी आहे, बाई."

झालं. जिथे मेण चमकत होतं, तिथे कागदावर गटार फुटल्यासारखं दिसलं.

काही आठवड्यांनी समितीच्या मादाम द ब्रेव्हाल यांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्या हातात रुमाल होता आणि तो खरोखरच भिजला होता.

"काय चित्र आहे! मला तर जेवण गेलं नाही."

"मग किल्ली, बाईसाहेब?"

"किल्ली? सात माणसं, नवरा दारुडा, फरशी ही अशी! आमच्या नव्या भिंतींची वाट लावाल तुम्ही."

"अहो, ती पोरं शेजारणीची आहेत! फरशी लाल आहे, येऊन तर बघा!"

"म्हणजे वर आम्हाला फसवलंतही!" मादामचे डोळे एकदम कोरडे झाले.

झेलीला रडू आलं ते जिन्यात. राग समितीचा होताच, पण त्याहून जास्त स्वतःच्या शहाणपणाचा होता.

इमारत उघडली त्या दिवशी ती ओदीलला घेऊन बघायला गेली. दारातून आत गेल्यावर समोरच, सोनेरी चौकटीत, त्यांची खोली टांगली होती. पलंग, दोरीवरचे कपडे, उसनी पोरं, बाटली, सगळं कुटुंब नव्या घरी राहायला आलं होतं.

ओदील पुढे झाली आणि तिला खोकल्याची उबळ आली.

"ए बाई, पोरीला मागे घे!" दरवान धावला. "किमती चित्र आहे. ओलीनं खराब होतं, म्हणून मुद्दाम उन्हाची भिंत दिलीय त्याला."

झेलीने पोरीच्या गळ्याभोवती शाल आवळली.

"माझी पोरगीही ओलीनंच खराब झालीय," ती म्हणाली. "हिला टांगा."