पुण्यवानांचा रक्तदाब

मी रक्तदाब मोजणारा एक जुना, पाऱ्याचा डबा आहे. मित्रांनो, दवाखान्याच्या कपाटावर तुम्ही मला पाहिले असेल आणि हे काय अडगळ म्हणून मान वळवली असेल. मला राग नाही. माझा पारा आता वर चढताना अडखळतो, आणि दंडाला बांधायचा माझा पट्टा दोनदा शिंप्याकडे जाऊन आला आहे. खरे सांगायचे तर मी दमलो आहे. हजारो दंड आवळले, आणि जवळजवळ प्रत्येकाने एकच सबब सांगितली, "आत्ता जिना चढून आलो ना, म्हणून जास्त दिसतंय."

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने इंदूरला आलो, रामबागेतल्या डॉ. श्रीकृष्ण पागे यांच्या दवाखान्यात. तेव्हा माझी काय ऐट होती! पारा चढताना पाहायला रांगेतली माणसे माना उंच करत. खेड्यातून आलेल्या बाया तर मला हात जोडत. पुढे सवय झाली तशी माझी किंमतही उतरली. जगरहाटीच आहे ती.

डॉक्टरांची एक पद्धत होती. टेबलाच्या खणात ते मूठभर चिंचोके ठेवत. चाळिशी ओलांडलेला पुरुष समोर बसला की त्याचे हृदय कितपत धोक्यात आहे, याचा अंदाज ते चिंचोक्यांनी मांडत. दाब जास्त, एक चिंचोका. तंबाखू, आणखी एक. दिवसभर खुर्ची, एक. पोट सुटलेले, एक. आणि वडील किंवा भाऊ पन्नाशीच्या आतच हृदयाच्या दुखण्याने गेले असतील तर एकदम दोन. "हे भविष्य नाही," ते बजावत, "नुसता अंदाज आहे. पण अंदाज खऱ्या उत्तरांवर चालतो." आजच्या डॉक्टरांकडे त्यासाठी छापील कोष्टके असतात, असे ऐकतो.

मध्य प्रदेश होऊन चारेक वर्षे झाली होती. दफ्तरे भोपाळला हलत होती आणि इंदूरचे कारकून बदलीच्या धास्तीने वाळत चालले होते. त्यांतलेच एक कृष्णराव भोईटे. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, कृष्णराव मात्र फायलींत. वय चव्वेचाळीस. पत्नी इंदुमतीबाईंनी मागे लागून त्यांना पाठवले होते.

"डॉक्टरसाब, मी एकदम बढिया आहे. घरच्यांची फालतूमध्ये कटकट," ते म्हणाले.

मी दंड आवळला. दाब थोडा जास्त होता. तंबाखू होतीच, खुर्चीही होती. टेबलावर तीन चिंचोके आले.

"वडील कशाने गेले?"

कृष्णरावांचा चेहरा उजळला. "ते पुण्यवान होते, साब. आंघोळ करून देवापुढे बसले आणि बसल्या बसल्या गेले. कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही. आजोबाही तसेच. आमच्यात अंथरुणात कोणी सडत नाही."

डॉक्टर हसले, तंबाखू सोडा म्हणाले, आणि चिंचोके खणात गेले. वय विचारायचे राहून गेले. पुण्यवान म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या मिशांचा म्हातारा आला असणार. मलाही ते विचारता येत नाही. मला फक्त पारा दाखवता येतो.

दोन महिन्यांनी इंदुमतीबाई स्वतःला चक्कर येते म्हणून आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "परवा सासऱ्यांचं श्राद्ध आहे, दगदग होते. मी तर त्यांना पाहिलंच नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षीच गेले ना ते."

डॉक्टरांनी हवा भरायच्या माझ्या फुग्यावरचा हात काढला. "आणि आजेसासरे?"

"त्यांनीही पन्नाशी नाही गाठली."

त्या दिवशी टेबलावर कृष्णरावांचे तीन चिंचोके पुन्हा आले, आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन पडले.  मग डॉक्टरांनी कृष्णरावांना निरोप धाडला.

कृष्णराव आले, ते तापूनच. "आमच्या पुण्याईला तुम्ही बीमारी म्हणता? आईसाहेब बावीस वर्षं तेवढ्या एका गोष्टीवर जगताहेत. ऐकलं तर काय वाटेल त्यांना?" ते मला दंड आवळू न देता उठून गेले. पुढचे निरोपही परत आले. मित्रांनो, त्या दिवसांत मला फार थकवा वाटला. समोर धोका दिसतो आणि माणूस दंडच पुढे करत नाही, तिथे माझ्यासारख्या डब्याने काय करावे?

आठवड्याने एका सकाळी कृष्णरावांची आई, जनाबाई, दवाखान्यात आल्या. सुनेने त्यांना सगळे सांगितले होते. लेकाला त्या बरोबर घेऊन आल्या होत्या, म्हणजे जवळजवळ ओढूनच. बाकावर बसताच त्या लेकाकडे वळल्या.

"कृष्णा, त्यांनी पाणी मागितलं नाही, हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "आठ दिवस त्यांचा डावा हात दुखत होता. जबडा धरून बसायचे. मी तेल लावायची. वैद्याला बोलावू का म्हटलं, तर म्हणाले, रहने दो, लोक हसतील. त्या दिवशी पाणी मागितलं त्यांनी. मी आणेपर्यंत गेले."

"आईसाहेब, तुम्हीच तर सांगायचात..."

"सगळे पुण्यवान म्हणाले. मला बरं वाटलं. दुसरं काय होतं रे माझ्याजवळ?" त्यांनी लेकाचा दंड धरला. "पण मला आता अजून एक पुण्यवान नको."

 कृष्णरावांनी सावकाश बाही वर केली. मी तो दंड आवळला, आणि या वेळी जिन्याची सबब ऐकू आली नाही.

डॉक्टरांनी पाचही चिंचोके मांडले. "हे वडिलांचे दोन मला उचलता येत नाहीत. म्हणून बाकीचे तीन आपण उचलायचे." तंबाखू सुटायला दीड वर्ष लागले, आणि दोनदा पुन्हा लागली. गोळ्या सुरू झाल्या. कृष्णराव रोज सकाळी छत्रीबागेपर्यंत चालत, तेही कुरकुरत. महिन्याला मी त्यांचा दंड धरत होतो. सत्तेचाळिसावे वर्ष आले त्या वर्षी जनाबाई प्रत्येक वेळी सोबत येत आणि पाऱ्यावरून नजर काढत नसत. ते वर्ष गेले. मग पन्नासावेही गेले.

शहात्तर साली भोईट्यांकडे कृष्णरावांची साठीशांत होती. होमासमोर तीन तास बसायचे, म्हणून डॉक्टर मला पिशवीत घालून घेऊन गेले. दाब ठीक निघाला. गुरुजींनी सामान मांडता मांडता रिवाजाप्रमाणे विचारले, "तुमच्या घराण्यात साठी कशी करतात? काही वेगळी पद्धत?"

सगळ्यांनी जनाबाईंकडे पाहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "मला ठाऊक नाही हो, गुरुजी. आमच्याकडे अजून कोणाची झालीच नाही."

मित्रांनो, आता मला विश्रांती हवी. माझी जागा नव्या यंत्रांनी घ्यावी, मला दुःख नाही. पण एक काम कोणतेही यंत्र करू शकत नाही, ते तुम्ही करा. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि विचारा, आजोबा गेले तेव्हा किती वर्षांचे होते, आणि त्याआधी त्यांना काय दुखत होते. पुण्यवान होते, एवढेच उत्तर मिळाले, तर हळूच, पण पुन्हा एकदा विचारा.