भिंतीतले चोवीस व्होल्ट

थोरलीला एका जागी बसवतच नव्हतं. तसं तिला बस म्हणणंही फुकटच. हीटरच्या कॉइली बनवणाऱ्या कारखान्यात ती अकरा वर्षं तपासणीला होती. कॉइलला वीज द्यायची, व्होल्ट बघायचे, अँपिअर बघायचे, भागाकार करून ओहम लिहायचे, गुणाकार करून वॅट. दिवसाला दोनशे कॉइली. घरी आली तरी हात शिवशिवायचे. धाकटी बहीण तिला ‘मीटरबाई’ म्हणायची ते उगाच नाही.

धाकटी बाळंत होऊन माहेरी आली होती. बाळ एकोणीस दिवसांचं, वजनाला जेमतेम, आणि थंडी अशी की पाण्यात हात घालवेना. खोली उबदार ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तीन दिवस हीटर अखंड चालू होता, आणि खोली काही केल्या तापत नव्हती.

“हीटरच टाकाऊ आहे,” बाबांनी निकाल दिला. बाबा वायरमन. गल्लीतल्या अर्ध्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची, हे घर तर पहिल्या खिळ्यापासून त्यांचंच. विजेच्या बाबतीत त्यांच्यापुढे ब्र काढायची सोय नव्हती.

पण थोरलीला चैन पडेना. दुपारी ती कामावरचा मीटर घेऊनच आली. मेन बोर्डाच्या वायरीला मीटरचा चिमटा लावला : आठ अँपिअर. खोलीत हीटरच्या पिनेशेजारच्या मोकळ्या भोकांत मीटरची टोकं घातली : दोनशे व्होल्ट. दोनशे भागिले आठ, पंचवीस ओहम. म्हणजे कॉइल ठणठणीत. दोनशे गुणिले आठ, सोळाशे वॅट. हीटरवर तर दोन हजार छापलेले! ती पळत बोर्डाकडे गेली. तिथे दोनशे चोवीस.

“बाबा, बोर्डावर दोनशे चोवीस आहेत आणि खोलीत दोनशेच. मधले चोवीस व्होल्ट कोण खातंय?”

बाबा तणतणत उठले. त्यांनी हीटर बंद केला, तिच्या हातातला मीटर घेतला, बोर्डावर टेकवला, मग खोलीत. दोन्हीकडे दोनशे सव्वीस.

“बघ डोळे उघडून. मला शिकवतेस?”

“हीटर बंद करून मोजलंत तुम्ही.”

“मग? आयुष्यभर असंच मोजलंय. टेस्टर पेटला की काम झालं.”

खरी गोम तिथेच होती. दारातून कोणी जातच नसेल, तर दार अरुंद आहे हे कळणार कसं? पण हे बापाला कोणी सांगायचं? थोरली स्वयंपाकघरात गेली, पाणी न पिताच परत आली. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर तिने आकडे मांडले. चोवीस भागिले आठ, तीन ओहम. एवढ्याशा वायरीत दोन-तीन व्होल्ट गेले तरी डोक्यावरून पाणी. चोवीस गुणिले आठ, एकशे ब्याण्णव वॅट. कारखान्यातली तारांना डाख लावायची सळई पंचवीस वॅटची असते, आणि ती बोटाला लागली तर टरकन फोड येतो. तशा सात सळया या भिंतीत कुठेतरी तीन दिवस पेटलेल्या होत्या.

“भिंतीत कुठे जोड आहे का?”

“माझ्या वायरिंगमध्ये? भिंतीत?” बाबांचा आवाज चढला. भिंतीत जोड मारणाऱ्याला ते कामावरून हाकलून देत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

थोरलीने हीटर पुन्हा चालू केला आणि तळहाताने भिंत चाचपत निघाली. धाकटीला हसू आलं.

“ऊब हवी तर इकडे ये मीटरबाई. हा कोपरा मस्त गरम असतो, हीटरपेक्षा बरा. म्हणून तर पाळणा इथे सरकवलाय.”

थोरलीने तिथे हात टेकवला आणि झटक्यात काढून घेतला. पुढच्या क्षणी पाळणा खोलीच्या मधोमध होता, बाळ टाहो फोडत होतं, धाकटी ओरडत होती, आणि थोरलीने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला होता.

बाबा दारात उभे होते. हळूहळू आत आले, भिंतीला हात लावला आणि तसाच राहू दिला. मग म्हणाले, “वायर हातभर कमी पडली होती. तुकडा जोडून नुसता पीळ दिला, चिकटपट्टी गुंडाळली, वर गिलावा केला. म्हटलं, दिव्यापुरती तर खोली आहे.”

छिन्नी त्यांनीच आणली. चार घावांत पापुद्रा सुटला. आतला पीळ काळाठिक्कर पडला होता, वायरीखालच्या लाकडी पट्टीचा कोळसा झाला होता. पाळण्याचं कापड तिथून वीतभर अंतरावर होतं. धाकटीने बाळाला उचललं, बाबांकडे न बघता दुसऱ्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

थोरलीला खूप बोलायचं होतं. राग नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. पण बंद दाराकडे बघत उभा असलेला बाप पाहून तिने छिन्नी उचलून बाजूला ठेवली. बाबांनी चपला पायात सरकवल्या.

“कुठे निघालात?”

“मीटर घे,” ते म्हणाले. “वायर काय एका याच घरात कमी पडली असेल?”

समोरच्या घरात शिंपीणकाकू राहायच्या. दार उघडून त्या मोठ्याने हसल्या. “आज न बोलावता आलात? सगळे दिवे झकास चालू आहेत हो!”

“दिवे लागतातच, वहिनी,” बाबा म्हणाले. त्यांची मान खाली होती. “माझ्या हातची चूक तुमच्या भिंतीत असेल. तुमची मोठी इस्त्री लावा. मोजून बघायचंय.”

थोरलीने आधी मेन बोर्डावर मीटरची टोकं टेकवली. तिथे दोनशे सव्वीस होते. मग बाबा टोकं इस्त्रीच्या पिनेशेजारच्या भोकांत घालून खाली बसले आणि थोरलीने इस्त्रीचं बटण दाबलं. मीटरवरचा आकडा उतरायला लागला.