मला गार असताना ऐका

मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोल गाडी आहे. माझा रंग एके काळी गडद निळा होता. आता टपावर तो धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा दिसतो. आमच्या गल्लीत माझी चौकशी केलीत तर लोक विचारतील, "ती बोंबलणारी का?" गेली काही वर्षं माझी तेवढीच ओळख उरली होती. म्हणून त्या आवाजाचीच गोष्ट सांगते.

नवी होते तेव्हा माझं इंजिन इतकं हळू चालायचं की मालक चालू गाडीची किल्ली पुन्हा फिरवत आणि मग स्वतःशीच हसत. मालक म्हणजे बाबा. त्यांची मुलं त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. रस्त्याखालच्या नळांची गळती शोधायचं त्यांचं काम. लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि ऐकत राहायचं. ते "इथे खणा" म्हणाले की तिथेच पाणी लागायचं. खात्यात त्यांचं नावच 'कान' पडलं होतं. "कानांना बोलवा," असा निरोप आला की सळई माझ्या डिकीत जायची आणि आम्ही निघायचो.

बाबांच्या दोन सवयी होत्या. गार गाडी ते कधी रस्त्यावर काढत नसत. फाटकापाशी मला सुरू करायचे आणि बॉनेटवर हात ठेवून ऊब यायची वाट बघायचे. "झोपेतून उठवून कुणाला पळवतात का?" असं म्हणायचे. आणि मला ते परक्या ठिकाणी रात्रभर ठेवत नसत. गॅरेजमध्ये काम अर्धं राहिलं तरी संध्याकाळी घरी आणायचे. या मायेचंच पुढे काय झालं, ते ऐका.

बाबा निवृत्त झाल्यानंतरच्या एका थंड सकाळी माझ्यातून आवाज आला. टक, टक, टक. इंजिनातला जळका वायू जिथून धुराच्या नळीत शिरतो, त्या जोडात गॅस्केट नावाची पातळ पट्टी असते. ती एका कोपऱ्यात जळली होती. गार असताना त्या फटीतून वायू फुसकारायचा. लोखंड तापलं की फुगायचं, फट मिटायची आणि मी गप्प व्हायचे.

बाबांनी तो आवाज पहिल्याच दिवशी टिपला. मला नीट गरम केलं आणि गॅरेजमध्ये नेलं. मिस्त्रींनी इंजिन रेस करून पाहिलं.

"काका, कुठे आहे आवाज?"

"सकाळी येतो."

"सकाळी तर मलाही धड आवाज फुटत नाही!" मिस्त्री म्हणाले आणि सगळं गॅरेज हसलं. "रात्रभर सोडा इथे. उद्या ऐकतो."

"छे, ती घरीच राहील."

असं बऱ्याचदा झालं. शेवटी मिस्त्रींनी बाबांच्या समाधानासाठी माझा सायलेन्सर बदलला. त्या सायलेन्सरला काहीही झालं नव्हतं. कारखान्यापासूनचा माझा सोबती होता तो. माझ्या डोळ्यांदेखत त्याला भंगाराच्या ढिगावर फेकलं. नवा स्वस्तातला होता आणि डब्यात दगड भरल्यासारखा घुमायचा. टकटक तर होतीच, आता वर हीही भर. शेजारी खिडक्या लावून घेऊ लागले.

"बाबा, आता पुरे करा. तुमचे कान वाजतात हो," मुलगा म्हणाला.

ज्यांच्या कानाच्या भरवशावर गावभरचे रस्ते खणले गेले, त्यांना त्यांच्याच फाटकात कुणी हे म्हणावं? मला वाटलं, आता तरी बाबा भांडतील. ते सळई पुसत राहिले.

मुलगी दुसऱ्या शहरात असायची. एकदा दवाखान्यातून परतताना बाबांनी मला कडेला थांबवून तिला फोन केला.

"सकाळी उठलं की छातीत इथे काहीतरी रुततं बघ, बाळा. दवाखान्यात पोचेपर्यंत जातं."

"बाबा, रिपोर्ट सगळे चांगले आलेत. डॉक्टर म्हणतात काही नाही, मग नाही. तुम्ही आणि तुमची गाडी! दोघांनाही तपासून घ्यायची हौसच आहे."

बाबा हसले. "बरं," म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांनी मला पुढे नेलं नाही. मी तेव्हा पुरती तापलेली होते आणि अगदी गप्प होते.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. वेळ सकाळचीच होती.

मग माझ्यावर ताडपत्री पडली. घर आवरायला मुलगी आली, तेव्हा तिचा भाऊ म्हणाला, "ताई, परवा भंगारवाला येतोय. एवढी बोंबलणारी गाडी कोण घेणार?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती एकटी बाहेर आली. माझी बॅटरी मेली होती. तिने शेजाऱ्यांच्या गाडीला तारा जोडून मला सुरू केलं. टक, टक, टक. ती दचकली. डिकीतली सळई काढून तिने बाबांसारखी कानाला लावली आणि दुसरं टोक इंजिनावर सरकवत नेलं. जोडाच्या कोपऱ्याशी ती थांबली. तिथे काजळीचा काळा ओघळ होता. ती वाकून ऐकत असतानाच मी तापले आणि टकटक तिच्या कानाखालीच विरून गेली. तिने मला बंद केलं आणि सळई पुसली.

"मिस्त्रींना घरी बोलव," ती भावाला म्हणाली. "उद्या सकाळी. त्याआधी गाडीला कुणी हात लावायचा नाही."

मिस्त्री आले. मला सुरू केलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, हे गॅस्केट! काकांनी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

पट्टी बदलली. ओशाळलेल्या मिस्त्रींनी सायलेन्सरही चांगला बसवून दिला. मी नव्यासारखी शांत झाले आणि भाऊ खूश झाला. "ताई, आता विकली जाईल बघ!"

मी तिच्याकडे पाहत होते. तिने माझं ऐकलं होतं ना? तिच्या इमारतीत गाडीला जागा नाही, हे मला माहीत होतं. तरीही वाटलं होतं, ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "हं."

मित्रांनो, भंगारवाल्याने नेलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. तो मला ओळखत नव्हता.

तुमच्याही घरात कुणीतरी कुरकुरत असेल. ते तापून, आवरून, हसून तुमच्यासमोर येईपर्यंत थांबू नका. ते गार असताना, जिथे असतील तिथे जा. तेव्हाच आवाज येतो.

नवे मालक न्यायला आले, तेव्हा तिने किल्ली दिली आणि सळई स्वतःजवळ ठेवली. "गार असताना पळवू नका," एवढंच ती म्हणाली. मी निघाले. आरशात ती फाटकापाशी दिसत होती, मान एका बाजूला कलवून, कान देऊन. गल्लीच्या वळणापर्यंत ती तशीच होती.

माझ्यातून आता काहीच ऐकू येत नव्हतं.