ओडोचे वाक्य

गढीचा धनी ओडो याने ते वाक्य कधीच उच्चारले नव्हते. हे दोघांनाच ठाऊक होते: त्याला स्वतःला आणि गढीचा द्वारपाल गॅलेरान याला.

क्रूसयुद्धांचा काळ होता. काही वर्षांपूर्वी ओडोचे घोडेस्वार मार खाऊन त्रिपोलीच्या डोंगरातल्या या गढीकडे पळत येत होते आणि अमीराची माणसे त्यांच्या पाठीवर होती. ओडोने दरवाजाची लोखंडी जाळी खाली सोडायला सांगितले. आपली माणसे बाहेर अडकतील हे कळत असूनही सांगितले. गॅलेरानने जाळी वर अडकवून धरणाऱ्या खुंटीवर मोगरी हाणली, पुन्हा हाणली; गंजलेली खुंटी हलली नाही. तेवढ्यात सगळे स्वार आत आले आणि पाठलाग करणारे तटावरच्या बाणांना बिचकून माघारी फिरले. एका स्वाराने धापा टाकत विचारले, जाळी वरच कशी राहिली? गंजाचा जाब गॅलेरानलाच द्यावा लागला असता. तो म्हणाला, "धनी म्हणाले, माझा एकही माणूस बाहेर असेतो जाळी खाली येणार नाही."

सगळ्यांनी ओडोकडे पाहिले. ओडो गप्प राहिला.

वाक्य हळूहळू लांबवर गेले. त्रिपोलीच्या बंदरात एका गवयाने त्याला चाल लावली. अमीराशी तह होता त्या दिवसांत खालच्या गावातून ऑलिव्ह घेऊन येणारे मुसलमान शेतकरीही ते म्हणून दाखवत आणि ओडोपुढे मान लववत. ओडोने कधी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. गॅलेरान मात्र दर रविवारी प्रार्थनेनंतर खुंटीला चरबी चोळू लागला.

या उन्हाळ्यात तह मोडला. ओडोचा वरचा सरदार, त्रिपोलीचा काउंट, याने गढीतले बहुतेक शिपाई आपल्या फौजेत नेले. गॅलेरानचा मुलगा थिएरी त्यांच्यातच होता. फौजेचा धुव्वा उडाला. गढीत उरले मूठभर शिपाई आणि आसऱ्याला आलेली बायकामुले. तटाच्या आत अंगणभर चुली पेटल्या होत्या.

दुपारी अमीराचा दुभाषी पांढरे फडके घेऊन आला. अमीरांनी सलाम सांगितलाय, तुमचे वाक्य त्यांना फार आवडते, मुलांनाही त्यांनी ते शिकवलेय, असे तो सांगत राहिला. मग म्हणाला, "तुमचा एक माणूस आमच्याकडे आहे. संध्याकाळी तो चालत येईल. दरवाजा उघडा ठेवा असं सांगायचं होतं, पण अमीर म्हणाले, असं वाक्य बोलणाऱ्या धन्याला ते सांगायची गरज नाही."

ऊन उतरले तेव्हा वाटेवर थिएरी दिसला. त्याचे दोन्ही घोटे आखूड दोराने बांधले होते. पाऊल वीतभर पडत होते. त्याच्या मागे, बाणाच्या टप्प्याबाहेर, वाटभर घोडेस्वार होते. तेही पावला-पावलानेच येत होते.

"वरात निघालीय," जिरार नावाचा शिपाई म्हणाला. दोघेचौघे हसले. धावत जाऊन त्याला उचलून आणतो, असेही जिरार म्हणाला. ओडोने नकार दिला. तुम्ही बाहेर पडलात की घोडे सुटतील, आणि तुमच्या आधी दारात पोहोचतील.

त्याची नजर वाटेच्या कडेच्या दगडी हौदावर होती. जाळी जड होती. जमिनीला टेकायला एक प्रार्थना म्हणून होईतो वेळ लागे. थिएरी हौदापर्यंत आला तर मागचे घोडे त्याहून कमी वेळात दारात येणार होते.

"जाळी सोडा," ओडो म्हणाला.

कोणी हलले नाही. जिरार नुसता हसला.

"धनी परीक्षा घेताहेत."

"परीक्षा नाही. जाळी सोडा. आत लेकरंबाळं आहेत."

"धनी, ते वाक्य ऐकून मी तुमच्या चाकरीला आलो," जिरार म्हणाला. आता तो हसत नव्हता. "आम्ही सगळेच."

ओडोने एक-एक चेहरा पाहिला. मग इतकी वर्षे दाबून ठेवलेले सांगून टाकले. आपण ते बोललो नव्हतो. आपण जाळी सोडायलाच सांगितली होती. खुंटी गंजली होती म्हणून ते सगळे वाचले. सांगताना आवाज चढला नाही. शिपायांनी खाली पाहिले, एखादा मोठा माणूस स्वतःला उगाच कमी लेखू लागला की ऐकणारे पाहतात तसे.

"गॅलेरान," ओडो म्हणाला, "तू होतास तिथे. सांग यांना."

गॅलेरान मोगरी हातात घेऊन खुंटीपाशी उभा होता. खुंटी चरबीने चकाकत होती. एक टोला पुरला असता. त्याने वाटेकडे पाहिले. थिएरीला उघडा दरवाजा दिसला असावा, कारण त्याने मान वर केली होती आणि वीत-वीत पावले घाईने टाकू लागला होता.

"मी होतो," गॅलेरान म्हणाला. "धनी तसंच म्हणाले होते. या कानांनी ऐकलंय."

त्याने मोगरी जागेवर टांगली आणि खुंटीला पाठ लावून उभा राहिला.

ओडो त्याच्याकडे धावला. जिरारने त्याला दंडाला धरून अडवले, अगदी अदबीने.

थिएरी हौदापाशी पोहोचला. त्याच्या मागे पहिल्या घोड्याची चाल बदलली.